मास्तरांचे गुण

प्राध्यापकाची नोकरी म्हणजे सुखाची नोकरी, अशी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. दिवसाला दोन-तीन तास बोलायचे, उन्हाळ्याची सुटी, दिवाळीची सुटी, आणि मध्ये परीक्षा आल्या की तीही एक प्रकारची सुटीच! मुलीसाठी स्थळ पाहताना 'मुलगा प्राध्यापक आहे' असे कळले की घरातली वडील मंडळी अजूनही जरा ऐसपैस टेकून बसतात. ज्यांची ही समजूत पक्की असेल त्यांनी यंदा एखाद्या प्राध्यापकाच्या घरी फराळाला जाऊन पाहावे. चकलीची बशी ठेवायला टेबलावर जागा सापडायची नाही. तिथे फाइली पसरलेल्या असतील. चर्चासत्राची प्रमाणपत्रे, उजळणी वर्गाचे दाखले, निबंधांच्या छायाप्रती, आणि प्रत्येक कागदावर कुणाची सही राहिली आहे त्याची खूण. घरात दहावीचा मुलगा असेल तर तो म्हणेल, "माझ्यापेक्षा बाबांनाच गुणांची काळजी जास्त!"

मुलगा खोटे बोलत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली नियम केले आणि बढतीसाठी प्राध्यापकालाही गुण मिळवावे लागू लागले. शिकवणे आणि परीक्षा या सदरात वर्षाला जास्तीत जास्त १२५, त्यांपैकी ७५ तरी हवेत. स्नेहसंमेलन, राष्ट्रीय सेवा योजना, समित्या वगैरे सदरात जास्तीत जास्त ५०, त्यांपैकी १५ तरी हवेत. संशोधनाचा हिशेब निराळा. या मोजणीला 'एपीआय' असे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव होते आणि शिक्षकांच्या खोलीत ते हवापाण्यासारखे बोलले जाई.

हे सारे उगाच झाले असे मात्र कुणी समजू नये. त्याआधी बढती कशावर ठरे? वर्षे किती भरली आणि साहेबांची मर्जी कशी आहे, यावर. कुणाच्या दिवाणखान्यात कोण संध्याकाळी जाऊन बसतो हे सगळ्या गावाला ठाऊक असे. गुप्त शेऱ्याची करामत काय असते याचा एक दाखला सरकारी नोकरीतला आहे. सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या खात्यातल्या एका अभियंत्याची बढती १९९३-९४ या एका वर्षाच्या शेऱ्यामुळे अडली. शेरा होता 'चांगला'. बढतीला हवा होता 'फार चांगला'. आणि हा 'चांगला' त्याला कुणी कळवलाच नव्हता! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००८ साली न्यायालयाने सांगितले की अहवालातली प्रत्येक नोंद ज्याची त्याला कळवलीच पाहिजे. तेव्हा ज्याला ना काका ना मामा, अशा शिक्षकाला उघड छापील तक्ता हा आधारच वाटला. आपली बेरीज आपण करावी, कुणाच्या दारात उभे राहू नये, हे काही थोडे सुख नव्हे.

पण तक्ता जे मोजू शकतो तेच मोजतो. २०१८ च्या जुलैत आयोगाने नवे नियम आणले. आठवड्याला ४० तास काम, वर्षात ३० आठवडे, आणि सहायक प्राध्यापकाने त्यातले १६ तास प्रत्यक्ष शिकवावे. शिकवण्याला आता गुण नाहीत, शेरा आहे. नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के वा अधिक तास घेतले की 'चांगले', ७० ते ८० असले की 'समाधानकारक'. तास घेतला, एवढे पुरे. तो रंगला की मागच्या बाकांवर झोपा लागल्या, घंटा झाल्यावर चार मुले शंका विचारायला थांबली की साऱ्यांनी दाराकडे धाव घेतली, याला त्या तक्त्यात रकाना नाही. तुमची-आमची मुले ज्या तासाला बसतात तो तास हजेरीपटात तेवढा उरतो.

खरी गंमत संशोधनाच्या हिशेबात आहे. भाषा, इतिहास अशा विषयांत एका शोधनिबंधाला १० गुण. देशातल्या प्रकाशकाने काढलेल्या अख्ख्या पुस्तकालाही १०. आणि अनुवादित पुस्तकाला ८. निबंध दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे सात-सात गुण. दहाचे चौदा झाले! असे व्याज कुठल्या पतपेढीत मिळते ते कळवावे.

मग व्हायचे तेच झाले. पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. २०१८ च्या मे महिन्यात आयोगाला स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. पुढे 'केअर' नावाची नवी, गाळीव यादी झाली. तीही २०२५ साली बंद झाली.

आपल्याकडची मोठी कामे या तराजूत घालून पाहावीत म्हटले. महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड निघाला १९३० साली आणि पाचवा संपला १९६२ साली. खंडाला दहा धरले तर बत्तीस वर्षांचे पन्नास गुण. दोन मित्रांनी मिळून आठ निबंध छापले की दोघांचेही प्रत्येकी छप्पन्न होतात. म्हणजे महामहोपाध्याय सहा गुणांनी मागे! त्यांना १९६३ साली भारतरत्न मिळाले, पण त्याचा इथे उपयोग नाही. आणि भांडारकर संस्थेतल्या महाभारताच्या संशोधित आवृत्तीचे काय करावे? काम सुरू झाले १९१९ साली आणि पुरे झाले १९६६ साली. एकेका श्लोकासाठी देशभरच्या पोथ्या ताडून पाहणारी ती मंडळी वर्षअखेरीला कुठला अर्ज भरणार होती?

आमच्या ओळखीच्या एक प्राध्यापिका मराठी शिकवतात. सोलापूरकडच्या असल्यामुळे त्यांना कानडी घरच्यासारखी येते. एका जाडजूड कानडी कादंबरीचा अनुवाद त्यांनी हाती घेतला होता. चार प्रकरणे वाचून दाखवली तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कुणी घड्याळ पाहिले नाही. परवा विचारले, "ताई, कादंबरी कुठवर आली?"

"कपाटात आहे," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांची मेहनत, आणि गुण आठ. माझी बढतीची तारीख पुढच्या जूनमध्ये येते. तोवर निबंधच बरे."

"निबंध कशावर लिहिता?"

"ते विचारू नका हो. छापून येतात."

त्या हसल्या, पण ऐकणाऱ्याला हसू आले नाही. बढती म्हणजे पगारातला फरक, त्यावर घराचा हप्ता आणि धाकट्याचे शिक्षण. त्यांना नावे ठेवायला आपल्याला काय लागते!

२०२५ च्या जानेवारीत आयोगाने नव्या नियमांचा मसुदा काढला. बेरजा सोडून कामाचा दर्जा पाहावा, असा त्याचा रोख होता. ऐकायला फार गोड. पण दर्जा पाहणार कोण? तेच दिवाणखान्यातले साहेब असतील तर आपण २०१० च्या मागे गेलो. आमच्या मते निवड समितीने उमेदवाराची त्याने स्वतः निवडलेली दोन कामे मुळातून वाचावीत, आणि दुसऱ्या महाविद्यालयातल्या कुणी जाणत्याने न सांगता एखादा तास मागच्या बाकावर बसून ऐकावा. याला वेळ लागेल, भत्ता लागेल, आणि वाचायचा कंटाळा सोडावा लागेल. शेवटचीच गोष्ट सर्वांत महाग आहे.

आणि या गुणांच्या बाजारात ज्यांना दुकानच नाही असे शिक्षकही पुष्कळ आहेत. आपल्या राज्यातल्या कितीतरी महाविद्यालयांत तास घेतात ते तासिका तत्त्वावरचे शिक्षक. नेट झालेले, पीएच. डी. झालेले, चाळिशीला आलेले. तासाला ठरलेले पैसे मिळतात, सुटी लागली की तेही नाहीत. त्यांना ना बढती, ना फाइल, ना शेरा. मुलांना मात्र हा फरक कळत नाही, ती त्यांनाही 'सर' म्हणतात. सकाळी एका गावी आणि दुपारी दुसऱ्या गावी एसटीने जाऊन ते शिकवतात, आणि दिवाळीच्या तोंडावर कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहून विचारतात, "बिल निघाले का हो?" आतून उत्तर येते, "पाठवलंय वर. दिवाळीनंतर बघा."