वाशीम ते न्यूयॉर्क : विमान १६ तासांचे, मग प्रवास ३० तासांचा कसा?

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किमी. थेट विमानाला साधारण १६ तास लागतात. मात्र मुलाला शिक्षणासाठी पाठवणाऱ्या किंवा नातवंडांना भेटायला निघालेल्या वाशीमच्या कुटुंबासाठी हा आकडा अर्धाच आहे. उरलेले तास कुठे जातात, जाणून घेऊया.

अंतर कसे मोजतात?
पृथ्वी गोल असल्याने दोन विमानतळांमधला सर्वांत जवळचा मार्ग वक्र असतो. सांगितले जाते ते याच वक्र मार्गाचे अंतर. प्रत्यक्षात हवामान आणि बंद हवाई हद्दीमुळे विमान त्याहून जास्त अंतर कापते.

जाताना जास्त वेळ का?
सुमारे १० किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. अमेरिकेला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. त्यामुळे परतीचा प्रवास तास-दीड तासाने कमी होतो.

बंद हवाई हद्दीचा फटका
पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांसाठी हवाई हद्द बंद केली. सर्वाधिक फटका दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना बसला. एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली, त्यामागचे हे एक कारण होते.

वाशीमकरांपुढे दोन पर्याय
मुंबईमार्गे : रस्त्याने साडेपाचशे किमीहून अधिक अंतर. मालेगाव, शेलूबाजार किंवा कारंजा येथून ‘समृद्धी’वर चढता येते. ५ जून २०२५ पासून हा ७०१ किमीचा महामार्ग पूर्ण खुला आहे. तरी मुंबईच्या वाहतुकीसह ८-९ तास धरावेत. विमानतळावर तीन-चार तास आधी पोहोचणे आणि उतरल्यावरची तपासणी मिळून एकूण ३० तासांच्या आसपास.

नागपूर-दोहामार्गे : नागपूर अडीचशे किमीच्या आसपास. तेथून दोहा सुमारे २,८०० किमी, पुढे न्यूयॉर्क जवळपास १०,८०० किमी. हवाई अंतर हजारभर किमीने वाढते, पण रस्त्यावरचे चार-पाच तास वाचतात. दोहातील थांबा लहान असेल, तर एकूण वेळ जवळपास तेवढाच. मात्र २३ जून २०२५ रोजी कतारची हवाई हद्द अचानक बंद झाली, तेव्हा अनेक विमाने वळवावी लागली होती.

तिकिटावरची वेळ फसवी
तिकिटावर दोन्हीकडच्या स्थानिक वेळा असतात. मुंबईहून रात्री १ वाजता निघालेले विमान १६ तासांनी उतरते, तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये त्याच दिवशीचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. कागदावर प्रवास साडेसहा तासांचा दिसतो! हिवाळ्यात फरक साडेनऊऐवजी साडेदहा तासांचा होतो.

बुकिंगआधी हे पाहा
‘एकूण प्रवास वेळ’ तपासा. दोन्ही विमाने शक्यतो एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटे असतील आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर दुसऱ्याचे पैसे बुडू शकतात. घरातले ज्येष्ठ एकटे जाणार असतील, तर तासभर वाचवण्यापेक्षा थांब्यासाठी पुरेसा वेळ ठेवणे जास्त महत्त्वाचे.