सौम्य हिवाळा आणि एकच परसदार

परसबाग आणि परसातील कोंबड्या एकाच अंगणात वाढतात. त्यांविषयीचा सल्ला मात्र बहुधा दोन वेगळ्या वाटांनी येतो. पशुसंवर्धनाचा कार्यकर्ता खुराडे झाकण्यास सांगतो, कृषी विस्ताराचा कार्यकर्ता भाजीवर फवारणी सुचवतो आणि फवारलेल्या पानावरची अळी कोंबडी टिपते. जेथे हिवाळा सौम्य असतो, तेथे ही फारकत अधिक महाग पडते. कारण अशा हिवाळ्यात कीड मंदावते, पण थांबत नाही.

चंडीगड हे याचे बोलके उदाहरण आहे. शिवालिकच्या पायथ्याच्या या शहरात जानेवारीत दाट धुके पडते, पहाटेचे तापमान सर्वसाधारणपणे ५ ते ७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. तरीही जमीन गोठत नाही आणि पालक, मेथी, वाटाणा, कोबी जोमात असतात. परसातील पालनास उपयुक्त ठरलेली ‘चब्रो’ ही कोंबडी येथील केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेचीच निर्मिती. निफाडचा पारा काही पहाटे याहूनही खाली जातो; त्यामुळे चंडीगडचे प्रश्न महाराष्ट्राला परके नाहीत.

हिवाळ्यात अंडी घटली की दोष थंडीला दिला जातो. वस्तुतः सौम्य हिवाळ्यात मुख्य कारण प्रकाशाची टंचाई हे असते. अंड्यावरील कोंबडीला रोज १४ ते १६ तास प्रकाश लागतो. डिसेंबरअखेरीस चंडीगडचा दिवस सुमारे १० तासांचा, तर पुण्याचा सुमारे ११ तासांचा असतो. अशा वेळी खुराडे चारही बाजूंनी पोत्यांनी बंद केल्यास उरलेला प्रकाशही जातो, लिटर ओलसर होते आणि अमोनिया कोंडतो. वाऱ्याच्या बाजूला पडदा, छताखाली मोकळी फट, कोरडे तूस आणि पहाटे काही तास एक दिवा, एवढी व्यवस्था अधिक हिताची ठरते.

दुसरा गैरसमज किडींविषयीचा आहे. कोंबडीवरील उवा संपूर्ण आयुष्य तिच्या अंगावरच काढतात. तेथील उबेमुळे त्यांना हिवाळा जाणवतच नाही. लिखा उपचाराला दाद देत नाहीत, म्हणून सुमारे दहा दिवसांनी दुसरी फेरी आवश्यक असते. कोरडी माती व राख यांची धूळस्नानाची जागा हिवाळ्यातही मोकळी ठेवावी. बागेतही हालचाल चालूच असते. फळमाशीचे कोष मातीच्या वरच्या थरात असतात. उत्तर भारतात आंब्यावरील पिठ्या ढेकणाची अंडी खोडाभोवतीच्या मातीत असतात. डिसेंबरअखेरीपासून पिल्ले बाहेर पडून खोडावर चढू लागतात. कोंबडीचे उकरणे येथे उपयोगी पडते.

तथापि कोंबडीला मित्रकीटक आणि शत्रुकीटक यांतील भेद कळत नाही. ती गांडुळे, कोळी आणि जमिनीवरील परभक्षी भुंगेरेही खाते, कोवळी रोपे उपटते. म्हणून तिला बागेत मोकाट सोडणे हे कीडनियंत्रण नव्हे.

मोकाट सोडण्यातला आणखी मोठा धोका बर्ड फ्लूचा आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला उद्रेक नोंदला गेला. डिसेंबर २०१४ मध्ये चंडीगडच्या सुखना तलावावरील पाळीव हंसांमध्ये हा रोग आढळला, तर जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंब्यात. तिन्ही घटना हिवाळ्यातल्या आहेत. धोका अन्य ऋतूंत नसतो असे नाही. परंतु स्थलांतरित पाणपक्षी याच काळात आपल्या जलाशयांवर उतरतात आणि त्यांच्यापासून विषाणू पसरू शकतो.

उकरू द्यावे, पण वन्य पक्ष्यांपासून दूर ठेवावे, या दोन गरजांचा मेळ हलवता येणाऱ्या, वरून झाकलेल्या जाळीच्या पिंजऱ्याने घालता येतो. पीक निघालेल्या वाफ्यावर काही दिवस पिंजरा ठेवावा, मग पुढच्या रिकाम्या वाफ्यावर न्यावा. खाद्य व पाणी छताखालीच द्यावे. फवारलेल्या वाफ्यावर त्या हंगामात पिंजरा नेऊ नये. ताजी विष्ठा पालेभाजीला थेट घालू नये. ती नीट कुजवून खत झाल्यावरच वापरावी, अन्यथा माश्यांची पैदास आणि रोगजंतूंचा प्रसार दोन्ही ओढवतात. एकाएकी मरतूक झाल्यास मेलेली कोंबडी खतखड्ड्यात न टाकता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला तत्काळ कळवावे.

यांतील कोणतीही गोष्ट खर्चिक नाही. उणीव समन्वयाची आहे. विस्तार कार्यकर्त्याने हिवाळ्यात कुटुंबाला एकच वेळापत्रक द्यावे. ज्या कागदावर फवारणीचा दिवस लिहिलेला असेल, त्याच कागदावर त्या दिवशी कोंबड्या कोठे असतील हेही लिहिलेले असावे.