हौसेचा कॅमेरा, धंद्याचा कॅमेरा



बारसे, जावळ, बैलपोळा, गावची यात्रा यांचे फोटो हौसेने काढणारा मुलगा किंवा मुलगी आता पुष्कळ घरांत असते. चार जणांनी वाखाणणी केली, एखाद्याने लग्नाचे काम सांगितले, की घरात बोलणे निघते, "आता मोठा कॅमेरा घेऊ या." जोडधंदा म्हणून विचार चांगला आहे. पण हौसेचा फोटो बिघडला तर पुन्हा काढता येतो. अंतरपाट दूर होऊन अक्षता पडण्याचा क्षण पुन्हा येत नाही, आणि त्याचे पैसे आपण घेतलेले असतात. म्हणून सर्वांत भारी कॅमेरा कोणता, हे विचारण्याआधी ऐन वेळी काम अडणार नाही अशी सोय कशाने होईल, ते पाहावे.

पहिला पैसा लेन्समध्ये घालावा. ट्रॅक्टर कितीही चांगला असला तरी मशागत मागच्या अवजारावर ठरते, तसेच हे आहे. कॅमेऱ्यासोबत येणारी लेन्स बहुधा १८ ते ५५ मिलिमीटरची असते. झूम पूर्ण केल्यावर ती एफ ५.६ एवढीच उघडते. एफ २.८ ची लेन्स त्याच जागी चौपट प्रकाश आत घेते. गोरज मुहूर्तावर, मांडवातल्या अपुऱ्या उजेडात हा फरक कळतो. ती महाग वाटली तर ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स बऱ्याच कमी किमतीत मिळते. तिला झूम नसतो. पुढेमागे आपणच सरकायचे. मोठ्या घोळक्याचे फोटो मात्र सोबतच्या लेन्सनेच घ्यावेत.

दुसरी गरज वेगळ्या फ्लॅशची. फ्लॅश छताकडे वळवला की उजेड मऊ पडतो, हे पांढऱ्या छताच्या हॉलमध्ये खरे. आपल्या मांडवाचे कापड लाल-पिवळे असते, आणि तोच रंग नवरा-नवरीच्या तोंडावर उतरतो. तेथे फ्लॅश बाजूला स्टँडवर लावून पांढऱ्या छत्रीतून उजेड पाडावा. त्यासाठी ट्रिगर लागतो, तोही खर्चात धरावा.

तिसरी गोष्ट, प्रत्येक वस्तूला जोड हवी. किमान तीन बॅटऱ्या ठेवाव्यात. वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. दोन कार्डे बसणारा कॅमेरा मिळाला तर उत्तम, कारण एकच फोटो दोन्हींवर उतरतो. हौसेचा जुना कॅमेरा विकू नये. नवा बंद पडला तर तोच लाज राखतो. घरी आल्यावर त्याच रात्री सर्व फोटो दोन ठिकाणी उतरवून ठेवावेत, मगच कार्ड पुसावे.

कॅमेरा वापरलेला घेण्यास हरकत नाही. कॅनन आणि निकॉन यांनी २०१८ साली मोठ्या सेन्सरचे बिनआरशाचे कॅमेरे आणले. तेव्हापासून अनेकांनी आपले चांगले डीएसएलआर विकायला काढले आहेत. घेताना शटर किती वेळा उडाले ते विचारावे, आणि लेन्समधून टॉर्च मारून बुरशीचे जाळे आहे का ते पाहावे. पावसाळ्यात आपले सामानही घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे.

आता हिशेब. समजा, सामान ९० हजारांचे झाले आणि ते तीन वर्षांत फेडायचे ठरवले. वर्षाला ३० हजार झाले. प्रवास, मदतनीस, अल्बम वजा जाता एका लग्नामागे ३ हजार उरत असतील, तर वर्षातली पहिली दहा लग्ने केवळ सामानाची. घरखर्चाला पैसा अकराव्यापासून. एवढी कामे मिळतील का, हे आधी मोजावे.

मासिक हप्त्यावर घेताना आणखी जपावे. चातुर्मासात लग्ने नसतात, आणि खरिपाच्या खताचा, निंदणीचा, फवारणीचा खर्च त्याच महिन्यांत येतो. हप्ता मात्र थांबत नाही. पीककर्जाला तर यासाठी हात लावूच नये. ते पिकासाठीच आहे.

त्यापेक्षा पहिल्या हंगामात लेन्स व फ्लॅश भाड्याने आणावेत आणि तालुक्याच्या जाणत्या छायाचित्रकाराच्या हाताखाली चार-सहा लग्ने करावीत. प्रत्येक कामाचा जमाखर्च वहीत लिहावा. कोणत्या वस्तूवाचून खरोखर अडले, ते त्या वहीतच दिसेल. तीच वस्तू आधी घ्यावी, आणि ती कॅमेऱ्याच्याच मिळकतीतून घ्यावी.