चहाच्या टेबलामागे आपणच का?

मैत्रिणींनो, वाशीम असो की रिसोड, आपल्याकडच्या क्लबच्या वर्षात दोन गोष्टी ठरलेल्या: लोणारची सहल आणि रक्तदान शिबिर. सहलीत डबे, भेंड्या, फोटो, सगळ्यात आपण पुढे. शिबिरात मात्र खाटेवर पुरुष, आणि आपण चहा-बिस्किटांच्या टेबलामागे. नुसता संकोच नाही बरं का! रक्त द्यायला हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं. कितीतरी जणी तपासणीतूनच परत फिरतात. घरी सांगतात, "नको म्हणाले." आकडा कुणी विचारत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. म्हणजे सहलीच्या बसमधल्या निम्म्याहून जास्त! पाळी, बाळंतपणं, उपास, शिवाय सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं जेवण.

रोटरीनं १९८९ साली बायकांना सभासदत्व खुलं केलं. आता क्लबच्या अध्यक्षही आपण होतो. मग शिबिराच्या तीन महिने आधी, सहलीच्या सकाळी, बस सुटण्यापूर्वीच सगळ्यांची तपासणी का ठेवू नये? जिचं कमी निघेल तिनं डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. फक्त चहासोबत घेऊ नका, लोह अंगी लागत नाही.