जुनी पाटी, नवा माल

लिनक्सवर एखादं पॅकेज रीबिल्ड करताना लायब्ररीची आवृत्ती जुळली नाही, की सल्ला ठरलेला असतो: "सिमलिंक टाक आणि पुढे हो." प्रोग्राम जुन्या आवृत्तीचं नाव मागतोय ना? मग नव्या फाइलवर जुन्या नावाची पाटी लाव. एका ओळीची कमांड, काम फत्ते. आणि ते नाही जमलं तर दुसरा सल्ला: "सगळं एका कंटेनरमध्ये कोंब."

पॅकेजेस बांधणं हे माझं रोजचं काम आहे आणि या दोन्ही सल्ल्यांवर माझा राग आहे. ही एरर आली की लोक लिनक्सला शिव्या घालतात, 'डिपेंडन्सी हेल' म्हणतात. पण ती एरर म्हणजे एक प्रामाणिक तक्रार असते. कुणीतरी काहीतरी बदललं आणि त्यावर अवलंबून असलेल्या कुणीतरी त्याची दखल घेतली नाही, एवढंच ती सांगते. आपण मात्र तक्रार करणाऱ्याचंच तोंड दाबतो.

आधी थोडं आतलं बघू. एन्क्रिप्शन लागणारा प्रत्येक प्रोग्राम ते स्वतः लिहीत नाही. ओपनएसएसएल नावाची एक सामायिक लायब्ररी असते, सगळे तीच वापरतात. प्रोग्राम बिल्ड होताना त्याच्या पोटात एक नाव कोरलं जातं: मला लिबएसएसएल लागेल, आणि तीही १.१ वाली. या नावाला एसओनेम म्हणतात. त्यातला आकडा म्हणजे लायब्ररीच्या लेखकानं दिलेला शब्द असतो. हा आकडा आहे तोवर फंक्शनं याच नावाची राहतील, त्यांना हीच माहिती द्यावी लागेल आणि मेमरीत तिची मांडणी हीच असेल. शब्द मोडायची वेळ आली तर आकडा बदलायचा, हा नियम.

ओपनएसएसएलनं तो पाळला. सप्टेंबर २०२१ मध्ये ३.० आली, तेव्हा एसओनेमचा आकडाही ३ झाला. एप्रिल २०२२ च्या उबुंटू २२.०४ मध्ये फक्त ३ होती, १.१ काढून टाकलेली होती. ज्या प्रोग्रामांचा सोर्स हाताशी होता ते रीबिल्ड झाले, गरज होती तिथे कोड सुधारला गेला. ज्यांचा नव्हता ते सुरूच होईनात.

एका ऑफिसात मला डिजिटल सहीच्या टोकनचं ड्रायव्हर बसवायचं होतं. ड्रायव्हर १.१ मागत होतं. सोर्स बंद, त्यामुळे मी रीबिल्ड करू शकत नव्हतो. कंपनीच्या सपोर्टला फोन केला, तर उत्तर आलं: जुन्या उबुंटूतून जुनी लायब्ररी उचला आणि बसवा, सगळे तेच करतात. आता बघा. ११ सप्टेंबर २०२३ ला ओपनएसएसएल प्रकल्पानं १.१.१ चे सार्वजनिक अपडेट थांबवले होते. हा फोन त्यानंतरचा. म्हणजे ज्या यंत्रावरून कायदेशीर सह्या व्हायच्या, तिथेच ज्या लायब्ररीची भोकं आता कुणी बुजवत नाही ती बसवा, असं सही विकणारी कंपनीच सांगत होती. नव्या लायब्ररीवर एकदा बिल्ड करण्याचे कष्ट तिला नको होते. ते कष्ट वाचले आणि धोका मात्र गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडला.

इथे सिमलिंक चाललं असतं का? नाही, आणि ते बरंच आहे. ओपनएसएसएलच्या प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीचा शिक्का असतो. तुम्ही ३ वर १.१ ची पाटी लावली तरी लोडर आत डोकावतो, जुना शिक्का सापडत नाही आणि प्रोग्राम तिथल्या तिथे थांबतो. पण असे शिक्के सगळ्या लायब्ररींवर नसतात. तिथे पाटी पाहून प्रोग्राम सुरू होतो, आणि खरा घोळ तिथे आहे.

समजा एका नोंदीत आधी तारीख आहे, मग रक्कम. जुन्या लायब्ररीत तारखेला ४ बाइट होते, नव्या लायब्ररीत ८ आहेत. जुना प्रोग्राम रक्कम जुन्याच जागी शोधतो, आणि तिथे त्याला तारखेचा उरलेला अर्धा भाग मिळतो. एरर येत नाही. प्रोग्राम तो आकडा रक्कम समजून पुढे जातो, फाइलमध्ये लिहितो, बॅकअपमध्येही तोच जातो. तीन आठवड्यांनी कुणीतरी विचारतं, हा आकडा आला कुठून? तोवर 'सिमलिंक टाक' म्हणणारा दुसऱ्या कामाला लागलेला असतो.

हे उदाहरण हवेतलं नाही. ज्या प्रणालींत वेळ ३२ बिटांत मोजली जाते, तिथे १९ जानेवारी २०३८ ला आकडा संपतो. म्हणून डेबियननं २०२४ मध्ये आर्महार्डफ्लोटसारख्या ३२ बिटी यंत्रांसाठी वेळ ६४ बिटी केली. त्यामुळे ज्या ज्या लायब्ररींची मांडणी बदलणार होती, त्या शेकडो पॅकेजेसच्या नावांना टी६४ अशी शेपटी लावली आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली पॅकेजेस नव्यानं बिल्ड केली. महिनोन् महिने चाललेलं, कंटाळवाणं, कुणी टाळ्या न वाजवणारं काम. उबुंटू २४.०४ मध्ये ती शेपटी तुम्हालाही दिसेल. कुणी म्हणेल, नावं बदलायची काय गरज होती? गरज हीच, की माल बदलला होता.

मग एरर आल्यावर करायचं काय? आधी ती पूर्ण वाचायची. नेमकी कुठली फाइल काय मागतेय, हे रीडएल्फ किंवा ऑब्जडंपनं बघायचं. अनेकदा मागणारा तुमचा प्रोग्राम नसतोच, त्यानं वापरलेली तिसरीच लायब्ररी असते. मग एलडीडीनं प्रत्यक्षात कुठली फाइल उचलली जातेय ते बघायचं, पण अनोळखी प्रोग्रामवर एलडीडी चालवायचं नाही, कारण त्यात तो प्रोग्रामच चालू होऊ शकतो. यूएसआर-लोकलच्या लिब फोल्डरमध्ये कुणी कधीकाळी 'मेक इन्स्टॉल' करून टाकलेली जुनी प्रत तर नाही ना? एलडी लायब्ररी पाथ कुणी कायमचा सेट करून ठेवलाय का? माझ्या अनुभवात निम्मे झगडे इथेच मिटतात. उरलेल्यांसाठी स्वच्छ चेरूट घ्यायचं, म्हणजे वितरणाची मूळ पॅकेजेस सोडून काहीच नसलेली जागा. त्यात खालच्या लायब्ररीपासून सुरुवात करून वरपर्यंत क्रमानं रीबिल्ड करायचं. एकाच प्रोग्राममध्ये एक लायब्ररी १.१ वर आणि दुसरी ३ वर राहिली, तर काम झालेलं नसतं, फक्त पुढे ढकललेलं असतं.

आता डब्यांकडे येऊ. डॉकर, स्नॅप, फ्लॅटपॅक, ॲपइमेज. प्रत्येकानं आपापल्या लायब्ररी सोबत आणायच्या, म्हणजे भांडण नको. ही बाजू मांडणारे ऐरेगैरे नाहीत. लिनस टोरवाल्ड्सनं २०१४ च्या डेबकॉन्फमध्ये तक्रार केली होती, की आपल्या सबसरफेस या प्रोग्रामची तयार पॅकेजेस विंडोज आणि मॅकसाठी देता येतात, पण लिनक्सच्या प्रत्येक वितरणासाठी बनवणं म्हणजे डोकेदुखी आहे. त्याची तक्रार खरी होती. पण त्यातला मोठा दोष त्यानं सहजपणे सुसंगती मोडणाऱ्या लायब्ररींच्या पदरात टाकला होता. माझंही तेच म्हणणं आहे. शब्द मोडणाऱ्यांना जाब विचारायचा सोडून आपण शब्दच लागणार नाही अशी सोय केली.

त्या सोयीची किंमत बघा. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधलं हार्टब्लीड हे भोक उघड झालं. वितरणांनी एक पॅकेज बदललं, सेवा रीस्टार्ट झाल्या, आणि ती सामायिक प्रत वापरणारे सगळे प्रोग्राम एकदम सुधारले. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या जगात लॉग४जे मध्ये भोक सापडलं. तिथे लायब्ररी प्रत्येकाच्या डब्यात, कधी डब्यातल्या डब्यात होती. आपल्याकडे ती आहे की नाही, हे शोधण्यातच कित्येक टीमचे आठवडे गेले. फ्लॅटपॅकमध्ये काही भाग सामायिक असतो हे मान्य, पण बाकीचं त्या त्या डबेवाल्याच्या मर्जीवर.

उलट बाजूही सांगतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम घातलेलं मागचं दार सापडलं. ते लिबएलझेडएमए या सामायिक लायब्ररीतून थेट एसएसएच सर्व्हरपर्यंत पोचत होतं. सामायिक विहिरीत विष टाकलं तर ते सगळ्यांच्या घरात जातं, हे खरं. पण विहीर एक असल्यानं ती उपसताही आली. प्रत्येकाच्या टाकीत वेगवेगळं पाणी असतं, तर कुणाच्या टाकीत काय आहे हे आपण अजून मोजत बसलो असतो.

हे सगळं तुमच्यापासून दूर आहे असं वाटत असेल, तर हातातला फोन बघा. अँड्रॉइड असेल, तर ही देवनागरी हार्फबझ नावाच्या लायब्ररीनं जुळवली आहे. 'किती' मधली पहिली वेलांटी क नंतर टाइप होते आणि क च्या आधी दिसते, ती हलवणारी हीच. लिनक्स डेस्कटॉपवरही मराठी अक्षरं बहुतेक ठिकाणी तीच जुळवते. २०१५ ला तिची १.० आली, आता आवृत्ती दहाच्या पुढे गेली, पण एसओनेमचा आकडा शून्याचा शून्यच आहे. म्हणजे इतकी वर्षं दिलेला शब्द पाळला गेला. आणि ज्या डब्यात कुणी ती भरलीच नाही, तिथे बाकी यंत्रावर मराठी नीट दिसत असताना त्या एका प्रोग्राममध्ये वेलांटी चुकीच्या बाजूला लटकते. असे प्रोग्राम मी पाहिले आहेत. डबा भरणाऱ्याला मराठी वाचता येत नव्हती, त्यामुळे त्याच्या टेस्टमध्ये सगळं पास होतं.

म्हणून माझ्या मागण्या तीन आहेत. लायब्ररी लिहिणाऱ्यांनो, मांडणी मोडलीत तर आकडा बदला. बंद सोर्स विकणाऱ्यांनो, रीबिल्ड तरी करा, नाहीतर सोर्स द्या. गिऱ्हाइकाला मेलेली लायब्ररी बसवायला सांगू नका. आणि तुम्ही, जे उद्या एखाद्या लॅबमध्ये किंवा पहिल्या नोकरीत या एररसमोर बसाल, ते सिमलिंक टाकायच्या आधी विचारा, की शब्द कुणी मोडला. उत्तर बहुतेक वेळा अर्ध्या तासात सापडतं. मग रीबिल्ड करा, आणि काय बदललं ते पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये लिहून ठेवा. पुढच्या वेळी तिथे बसलेल्याचा अर्धा तास वाचेल.