दोन अवघड वाक्ये

आपल्या महाविद्यालयात दर वर्षी ‘व्यक्तिमत्त्व विकास’ या विषयावर एखादे तरी व्याख्यान होतेच. सभागृह भरते, पाहुण्यांचा परिचय लांबतो, मग पाहुणे बोलतात आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. मीही अशा तीन व्याख्यानांना अगदी मनापासून टाळ्या वाजवल्या आहेत. पहिल्या व्याख्यानाच्या रात्री तर मी नव्या कोऱ्या वहीत सात संकल्प लिहून काढले होते. पहाटे पाचला उठणे, रोज एक तास इंग्रजी वाचणे, कोणावरही न चिडणे, वगैरे वगैरे. आठव्या दिवशी ती वही सापडेना, आणि शोधावी असे मलाही फारसे वाटले नाही.

व्याख्याते काही चुकीचे सांगत होते असे नाही. जिद्द हवी, ध्येय हवे, आत्मविश्वास हवा, हे कोण नाकारील? पण या सर्वांचा रोख एकाच वाक्यावर असतो : ‘मी करू शकतो’ असे स्वतःला रोज बजावा. माझे मत थोडे निराळे आहे. कामात आणि माणसांच्या संबंधांत पुढे जायचे असेल, तर त्याआधी दुसरी दोन वाक्ये उच्चारता आली पाहिजेत. एक, ‘मला हे येत नाही, शिकवा.’ आणि दुसरे, ‘माझे चुकले.’ दोन्ही वाक्ये लहान मुलालाही म्हणता येतील इतकी सोपी; पण वय वाढते तशी ती घशात अडकू लागतात. माझ्या घशात ती कशी अडकली ते आधी सांगतो. त्यात माझी शोभा नाही, पण त्याशिवाय माझे म्हणणे पटणार नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी उद्यमबागेतील एका फौंड्रीच्या ऑफिसात कामाला जात होतो. बी. कॉम.चा विद्यार्थी म्हणून मला चलान आणि बिले करण्याचे काम मिळाले. आपल्याच महाविद्यालयात बी. ए.ला असलेला, गोकाककडच्या खेड्यातून आलेला माझा एक मित्र तिथेच माल मोजून टेम्पोत भरण्याचे काम करीत होता. त्याचे मराठी मोडके, माझे कन्नड त्याहून मोडके. पण दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो आणि आमचे छान चालले होते.

पहिल्याच दिवशी मालकांनी विचारले, “चलान करायला येतंय न्हवं तुला?” मी म्हणालो, “हो, येतं.” खरे म्हणजे मी तोवर चलान फक्त पुस्तकातल्या नमुन्यात पाहिले होते. तो ‘हो’ माझ्या तोंडून इतका सहज गेला, की आपण खोटे बोललो हे माझ्या ध्यानातही आले नाही.

फौंड्रीत कच्चे कास्टिंग किलोवर विकतात आणि मशिनिंग होऊन आलेला माल नगावर. मला हा भेद ठाऊक नव्हता. एका संध्याकाळी मशिनिंग झालेले १८० नग जायचे होते. मी चलानावर १८० हा आकडा लिहिला, पण लिहिला तो किलोच्या रकान्यात. गिऱ्हाइकाच्या गेटवर टेम्पो वजनकाट्यावर चढला, तेव्हा वजन त्याच्या तिपटीहून जास्त भरले. चलानाशी मेळ बसेना म्हणून टेम्पो तसाच परत आला. जाण्यायेण्याचे भाडे अंगावर पडले, शिवाय गिऱ्हाईक रागावले ते वेगळेच.

मालकांना वाटले, भरणाऱ्याने माल जास्त भरला. सगळ्यांच्या देखत त्यांनी माझ्या मित्राला फैलावर घेतले आणि त्याचा एक दिवसाचा पगार कापला. तो “मी बरोबर मोजलंय” एवढेच म्हणत राहिला. चलानाची दुसरी प्रत माझ्या टेबलावरच होती. ती पाहताक्षणी माझ्या लक्षात आले की चूक कुणाची आहे. मी ती प्रत फाइलमध्ये लावली आणि गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन बाहेर झाडाखाली एकटाच बसला. त्याला कळले होते की नव्हते, मला ठाऊक नाही. विचारण्याचे धैर्यही मला झाले नाही. असे जवळजवळ तीन आठवडे गेले.

आता विचार करतो तेव्हा वाटते, की त्या संध्याकाळचे माझे मौन पहिल्या दिवशीच्या ‘हो’मधूनच आले होते. जे येत नव्हते ते येते म्हणून सांगितले. मग चूक झाल्यावर ती कबूल करायची, तर आधीचे सोंगही उघडे पाडावे लागणार. ‘येत नाही’ हे न म्हटल्यामुळे ‘चुकले’ हे म्हणणे दुपटीने अवघड होऊन बसले. कामातला खोटेपणा मैत्रीत शिरला तो असा.

हे वाक्य आपल्याला इतके जड का जाते? मला वाटते, त्याचे एक कारण म्हणजे लहानपणापासून आपल्याला मिळालेले ‘हुशार’ हे बिरूद. अमेरिकेतील क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवरील काही प्रयोग प्रसिद्ध केले. मुलांना आधी बेताची कोडी दिली. ती सुटल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ अशी शाबासकी दिली, तर काहींना ‘तू चांगली मेहनत घेतलीस’ अशी. मग मुद्दाम फार अवघड कोडी दिली आणि शेवटी पुन्हा पहिल्यासारखीच. ‘हुशार’ ठरलेली मुले शेवटच्या फेरीत आपल्या पहिल्या कामगिरीच्याही खाली घसरली. मेहनतीची शाबासकी मिळालेली मुले वर गेली. आणि आपले गुण दुसऱ्या, अनोळखी मुलांसाठी लिहून द्यायला सांगितले, तेव्हा ‘हुशार’ मुलांपैकी बऱ्याच जणांनी ते वाढवून लिहिले.

या विचारसरणीचे धडे दिल्याने परीक्षेतील गुण सरसकट फार वाढतात असे पुढच्या मोठ्या अभ्यासांतून दिसलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. पण मला त्या प्रयोगातील गुण वाढवून लिहिणारी मुले विसरता येत नाहीत. त्यांना कुणी खोटे बोलायला शिकवले नव्हते. फक्त ‘हुशार’ म्हटले होते. चलानाची प्रत फाइलमध्ये लावणारा मी त्यांच्यापैकीच एक.

याउलट आपल्याच मुलखातील दोन माणसे पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ मध्ये बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळले की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराला याहून मोठा धक्का कोणता? त्यांनी ती उणीव मान्य केली, रंग सोडले आणि यंत्रांची रेखाटने शिकायला घेतली. १८८८ मध्ये त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. आज किर्लोस्कर रोडवरून जाताना त्याची आठवण किती जणांना होते कोण जाणे. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमिनीला विष होते या समजुतीने शेतकरी त्याला हात लावेनात. दोन वर्षे नांगर विकला गेला नाही. तरीही त्यांनी काम सोडले नाही, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ‘मला रंग येत नाहीत’ हे त्यांनी वेळीच कबूल केले नसते, तर कदाचित एक साधारण चित्रकार आपल्याला मिळाला असता.

दुसरे उदाहरण धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांचे. मिरजेला नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेर घराण्याची तालीम झालेली, ध्वनिमुद्रिका निघालेल्या, नाव झालेले. अशा वेळी मंजीखाँचे गाणे त्यांना भेटले, आणि हा नावारूपाला आलेला गवई त्यांच्यापुढे शिष्य म्हणून नव्याने बसला. १९३७ मध्ये मंजीखाँ गेले, तेव्हा ते धाकट्या भुर्जीखाँकडे शिकत राहिले. ज्याच्या तबकड्या बाजारात विकल्या जात होत्या त्याला ‘हे मला येत नाही, शिकवा’ म्हणताना कमीपणा वाटला नाही. आणि आपण प्रथम वर्षाला असताना शंका विचारायला लाजतो!

यावर कोणी म्हणेल, मुलाखतीत ‘येत नाही’ म्हटले तर नोकरी कोण देणार? आक्षेप खरा आहे. नुसते ‘येत नाही’ म्हणून हात झटकणे ही आळशाची सबब झाली. ‘शिकवा’ हा त्या वाक्याचा उत्तरार्ध सोडून चालणार नाही, आणि शिकवल्यावर रात्री बसून ते गिरवणेही त्यातच आले. दुसरीही एक गोष्ट मी मानतो. हे वाक्य सर्वांना सारख्याच किमतीला पडत नाही. मी चूक कबूल केली असती तर मला चार शब्द ऐकावे लागले असते. माझ्या मित्राचा, चूक नसतानाही, पगार गेला. म्हणून ज्याची खुर्ची वरची, त्याने हे वाक्य आधी म्हणावे. वर्गात प्राध्यापकांनी एकदा तरी ‘हे मला आत्ता नक्की सांगता येत नाही, उद्या पाहून सांगतो’ असे म्हणावे. माझ्या एका सरांनी ते म्हटले होते, आणि त्या तासानंतर आमच्या वर्गात शंका विचारणाऱ्यांची संख्या वाढली. व्यक्तिमत्त्व विकासाचे याहून चांगले व्याख्यान मी ऐकलेले नाही.

आता माझी गोष्ट पुरी करतो. तीन आठवड्यांनी मी त्या झाडाखाली गेलो. वाटेत कन्नड वाक्य मनात घोकले होते, पण ऐन वेळी एकच शब्द निघाला, “तप्पाय्तु.” म्हणजे चुकले. मग सगळे सांगितले. मला वाटले होते की तो रागावेल किंवा एकदम गळ्यात पडेल. त्याने दोन्हीपैकी काही केले नाही. शांतपणे म्हणाला, “मला सांगून काय उपयोग? पैसे तू कापलास काय माझे? मालकाला सांग की.”

त्याचे बरोबर होते. जिथे नुकसान झाले तिथे न सांगता भलतीकडे मन मोकळे करणे म्हणजे फक्त आपल्या मनाचे ओझे उतरवणे. मी दुसरी प्रत घेऊन मालकांपुढे गेलो. व्हायची ती बोलणी झाली. त्याचा पगार परत मिळाला आणि तेवढाच माझा कापला गेला. मालक म्हणाले, “पहिल्या दिवशीच सांगितलं असतंस तर अर्ध्या तासात शिकवलं असतं की रे.” अर्धा तास! तेवढ्यासाठी मी एक मैत्री पणाला लावली होती.

त्यानंतर मी मित्राला म्हणालो, “ननगे बरोदिल्ल, हेळिकोडु.” मला येत नाही, शिकव. त्याने मला वजनकाट्याची पावती वाचायला शिकवली आणि कन्नड आकडेही. मैत्री पूर्ववत झाली असे म्हणणार नाही. काही दिवस तो माझे प्रत्येक चलान स्वतः तपासूनच सही करीत असे. तो त्याचा हक्कच होता.

हे सगळे घडताना एक गंमत ध्यानात आली. ‘मला कन्नड येत नाही’ आणि ‘ननगे कन्नड बरोदिल्ल’. दोन्ही भाषांत विद्या ‘येते’ किंवा ‘येत नाही’. माणूस तिचा धनी नाही. ती बाहेरून चालत येणारी पाहुणी. घरची भाषा मराठी असलेल्या द. रा. बेंद्रे यांच्याकडे कन्नड अशी आली, की १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना कन्नड काव्यासाठी मिळाला. पाहुणी यायची तर दार मात्र आपणच उघडायचे असते, आणि ‘सगळे येते’ म्हणणाऱ्याचे दार बंदच असते.

मित्रहो, या अंकाची मराठी पाने संपली की कन्नड विभाग सुरू होतो. आपल्यापैकी किती जण तिथवर पाने उलटतात? मी आजवर उलटली नव्हती. या वर्षी मित्राने त्या विभागात एक लेख दिला आहे. अंक हाती आला की तो मी अडखळत अडखळत वाचणार आहे, आणि जिथे अडेल तिथे त्यालाच विचारणार आहे. त्यानेही हा लेख वाचायचे कबूल केले आहे. यातले काही चुकले असेल, तर तो सांगायला भिणार नाही, एवढी खात्री आता मला आहे.