फराळाचा जमाखर्च

दीपावली समीप आली की गृहस्थाच्या हाती वाण्याची यादी येते. पोहे, रवा, बेसन, साजूक तूप, भाजणीची धान्ये, वेलदोडे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील अनेक घरांत ही यादी आता आखडली असून तिच्या शेजारी तयार चकल्या, करंज्या व अनारसे यांच्या मागणीची दुसरी यादी आली आहे. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर गणेशदर्शनास जमणारी कितीतरी तरुण मंडळी पुढे उपाहारगृहाची वाट धरतात. मग वडीलधारे म्हणतात, ‘घरचा फराळ गेला, पैसाही गेला.’

हा पालट केवळ आपल्याकडचा नव्हे. केंद्र सरकारच्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीनुसार देशातील नागरी कुटुंबांच्या खर्चात अन्नाचा वाटा 2011-12 साली सुमारे 43 टक्के होता; 2023-24 मध्ये तो 40 टक्क्यांच्या किंचित खाली आला. मात्र पेये, उपाहार व तयार खाद्यपदार्थ यांचा वाटा सुमारे 9 टक्क्यांवरून 11 टक्क्यांवर गेला.

तथापि या जमाखर्चात एक रक्कम आपण कधी मांडलीच नाही. वाण्याच्या यादीत तुपाचा भाव असे, बेसनाचा असे. मध्यरात्रीपर्यंत चकल्या तळणाऱ्या हातांचे मोल नसे. सकाळची लोकल गाठून मुंबईस नोकरीला जाणारी सूनही परतल्यावर पुन्हा चुलीपुढेच उभी राही. आज खर्च वाढलेला दिसतो, त्याचा काही भाग म्हणजे आजवर फुकट घेतलेल्या श्रमांची किंमत होय.

अन्न विकणे म्हणजे अन्नपूर्णेचा अवमान, असेही मानू नये. गिरणगावातील खाणावळवाल्या स्त्रियांनी गिरणी कामगारांना जेवू घालून आपले संसार उभे केले. त्यांच्याच बळासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. आपल्या गल्लीतील पोळी-भाजी केंद्र त्याच वाटेवरचे आहे.

मग घरी काहीच करू नये काय? तसे नव्हे. देवाच्या नैवेद्यापुरता एखादा जिन्नस घरीच व्हावा. मात्र नारळ खवावयास गृहस्थाने बसावे, करंज्या भरावयास मुलग्यांनी बसावे. उरलेला फराळ शेजारच्या भगिनीकडून, घासाघीस न करता घ्यावा. लक्ष्मीपूजनास आपण हिशेबाची वही पूजितो. त्या वहीत कोणाच्याही कष्टांची बाकी राहू नये.